तपोवनातली खुली गॉल्फ स्पर्धा

एखाद्या विषयावर व्याख्यान द्यायचं तर त्या विषयाची माहिती असलीच पाहिजे, असा आग्रह आमच्या नाशकात तेव्हा कुणी फारसा धरत नसे. म्हणून तर ज्ञानगंगा वाचनगृहाच्या चैत्रमालेत 'मूळव्याध आणि मनोनिग्रह' यावर बोलायला येणारे पुण्याचे वैद्यराज ऐन वेळी त्याच विकाराने आडवे झाले, तेव्हा त्यांच्या जागी मी उभा राहिलो. मूळव्याधीवर बोलायचा मला अधिकार नव्हता, आणि मनोनिग्रहावर बोललो असतो तर आमची मंडळी बायकांच्या बाजूला बसून फिस्सकन हसली असती. हाताशी होतं ते कुणा साहेबाच्या बंगल्यावरून रद्दीत आलेलं एक विलायती मासिक. त्यात तिकडच्या सगळ्यात मोठ्या गॉल्फ स्पर्धेचा इतिहास चित्रांसकट दिला होता. तो मी दुपारी कचेरीत वाचून काढला आणि संध्याकाळी वाचनगृहाच्या फळ्यावर लिहून टाकलं: 'गॉल्फची महास्पर्धा, तिचा इतिहास व महत्त्व. वक्ते: रा. रा. गायधनी, सेक्रेटरी.'

त्यातला 'सेक्रेटरी' हा शब्द मी जरा ठळक काढला होता. का काढू नये? कचेरीत मी तिसरा कारकून. तिथे मला 'अहो गायधनी, त्या दौतीत शाई आहे का बघा' एवढ्याच कामासाठी हाक मारतात. घरी मला हाक मारायचीच पद्धत नाही, नुसतं 'ऐकलंत का' म्हणतात आणि मी ऐकतो. जगात एकच जागा अशी होती, की जिथे मी आत शिरलो की दोन-चार माणसं वर्तमानपत्रातून मान वर काढून 'या, सेक्रेटरी' म्हणत. हे पद दर साली अक्षय्य तृतीयेच्या सभेत नव्याने भरलं जाई, आणि आमचे शेजारी अण्णासाहेब क्षेमकल्याणी त्यावर टपून बसले होते. आमची आणि त्यांची भिंत एकच. माझ्या घरात फोडणीत हिंग जास्त पडला तरी त्यांना कळायचं.

"गायधनी, गॉल्फवर काय बोलणार तुम्ही?" ते भिंतीवरून म्हणाले. "साहेब लोकांना जेवण पचत नाही म्हणून ते काठीने गोटी ढकलत चालतात. झालं व्याख्यान."

मी घरात शिरलो. विद्वानाने अशा वेळी धोतराचा सोगा सावरून निघून जायचं असतं.

व्याख्यान मात्र, माझंच मी सांगू नये, पण रंगलं. मी सांगितलं, की सन अठराशे साठात स्कॉटलंडात, समुद्राकाठच्या रेताड माळावर, आठ धंदेवाईक खेळाडू जमले आणि एका दिवसात बारा भोकांची तीन आवर्तनं खेळले. बक्षीस म्हणजे लाल कातड्याचा, रुप्याच्या बकलाचा कमरेचा पट्टा. रोख काहीच नाही. सलग तीनदा जिंकेल त्याचा पट्टा कायमचा, असा नियम होता, आणि एका तरण्या पोराने तो खरोखरच तीनदा जिंकून घरी नेला. मग पुढच्या साली द्यायला काही नाही म्हणून स्पर्धाच झाली नाही. "आपल्याकडे अशी कमिटी असती तर तिला आपण नावं ठेवली असती," असं मी म्हणालो तेव्हा लोक हसले. हशा मिळाला की माझी जीभ सैल सुटते. मी पुढे सांगितलं, की पहिल्या स्पर्धेनंतर दुसऱ्याच साली कमिटीने ही स्पर्धा सगळ्या जगाला खुली केली. कुणीही यावं, काठी धरावी, खेळावं. तिचं महत्त्व असेल तर यात आहे. आणि हे खेळाडू तरी कोण होते? साहेबांच्या काठ्या उचलणारे, गवत कापणारे, काठ्या तासणारे लोक! त्यांचे कपडे इतके फाटके, की पहिल्या साली त्यांना म्हणे एकसारखे चौकड्यांचे कोट घालून उभं केलं.

"आणि सभ्य स्त्रीपुरुषहो," मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "ज्यांनी हा खेळ मोठा केला, त्या जगज्जेत्यांना क्लबाच्या इमारतीत पाऊल ठेवायची बंदी होती! पट्टा जिंका, पण दाराबाहेर उभे राहा! साठ वर्षं हे चाललं. साठ वर्षांनी कुठे अमेरिकेतल्या एका क्लबाने आपलं दार उघडलं!"

सभागृह 'शेम! शेम!' म्हणून दणाणून गेलं. आमचे अध्यक्ष रावसाहेब पाटणकर तर खुर्चीच्या हातावर मूठ आपटत होते. आमच्या मंडळींनीसुद्धा पदर सावरून इकडेतिकडे पाहिलं. त्या रात्री मला स्वप्नातही टाळ्या ऐकू येत होत्या, आणि त्या तिथेच थांबल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

पण व्याख्यानाच्या वेळी खिडक्या उघड्या होत्या, आणि खिडक्यांबाहेर दोघं उभे होते. सकाळी मी तोंड धूत होतो तर ते दारात हजर. एक देवराम, पेठकडच्या डोंगरातला, काटक, जिमखान्याच्या मैदानावर साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा. दुसरा त्याचा जोडीदार इनायत, तोही तेच काम करणारा, बोलायला मोठा गोड.

"सायेब, तुमी काल लय ब्येस बोलले," देवराम म्हणाला. "त्ये पयले जिंकलेले आमच्यावानीच काठ्या उचलणारे व्हते, नाय का?"

"होते तर," मी तोंडातली राखुंडी थुंकत म्हणालो.

"मंग आमची बी एक ठिवा की. साहेब लोक गेल्यावर आमी खेळतोच. पर आमच्या नावानं कधी झाली नाय."

इनायत म्हणाला, "गवतात हरवलेले चेंडू मी जमवलेत, साहब. मोडक्या काठ्याही जोडल्यात. फक्त तुमच्यासारखा मोठा माणूस मागं पाहिजे."

मोठा माणूस! सकाळी उघड्या अंगाने, हातात तांब्या घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुणी असं म्हटलं तर तो काय करील? "बघू या," एवढंच मी म्हणालो. पण भिंतीपलीकडे क्षेमकल्याणी तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी कळशी तिथेच ठेवली आणि थेट रावसाहेबांचं घर गाठलं. सेक्रेटरींनी नाशकात गॉल्फची खुली स्पर्धा जाहीर केली, असं त्यांनी तिकडे सांगितलं.

मला वाटलं रावसाहेब रागावतील. ते हर्षाने उभे राहिले. "पुणेकरांनी भरवली आहे का अशी? नाही ना? मग नाशकात झालीच पाहिजे!" दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानाआधी त्यांनी ते भर सभेत सांगूनही टाकलं. क्षेमकल्याणींनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. स्पर्धा साधली तर रावसाहेबांची, फसली तर सेक्रेटरीची, हा हिशेब त्यांनी मांडला होता आणि तो माझ्याही लक्षात आला, पण तोवर माझ्या गळ्यात हार पडला होता.

मग सुरू झाली परवानगी. जिमखान्याचं मैदान मिळणार नाही हे एका ओळीत कळलं. तपोवनाकडचा गंगेकाठचा, म्हणजे आमच्या गोदेकाठचा, माळ मागितला, तर तो कुणाच्या अखत्यारीत येतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण नाही म्हणायचा अधिकार सगळ्यांना होता. बांधकामवाले म्हणाले, सरकारी जमिनीत नऊ खड्डे खणणार ते बुजवणार कोण? आरोग्यवाले म्हणाले, खड्ड्यांत पाणी साचून डास झाले तर? मी म्हणालो, अहो, खड्डा तांब्याएवढा. ते म्हणाले, डास केवढा असतो?

शेवटी पोलीस. ते दिवस सत्याग्रहाचे, चार माणसं एकत्र शिंकली तरी कागद रंगायचा. ठाण्यावरचे हवालदार जमील मोठे अदबशीर, पण त्यांनी माझा अर्ज असा धरला जणू त्यातून धूर निघतो आहे.

"गायधनीसाहेब, माणसं किती?"

"खेळणारी सात-आठ."

"आणि काठ्या?"

"एकेकाला चार-पाच तरी लागतील."

"एका माणसाला पाच काठ्या?" हवालदारांनी टोपी काढून ठेवली. "मारामारीलाही एक पुरते, साहेब."

मी त्यांना लांबच्या फटक्याची काठी, जवळच्या फटक्याची काठी, रेतीतून चेंडू उपसायची काठी असं समजावून सांगू लागलो. त्यांचा चेहरा अधिकच गंभीर होत गेला. अखेर परवानगी मिळाली ती अशी: घोषणा नाहीत, कसलीही निशाणं नाहीत, आणि हवालदार स्वतः हजर राहून काठ्या मोजून देणार व मोजून घेणार.

निशाणं नाहीत म्हटल्यावर पंचाईत झाली. भोक कुठे आहे हे लांबून कळायला तिथे काठी रोवून झेंडा लावतात, असं मासिकातल्या चित्रात होतं. तेव्हा आमच्या मंडळींनी सुचवलं, की झेंडा नको तर कडुनिंबाची डहाळी बांधा, लांबून हिरवी दिसेल. सल्ला मला इतका पसंत पडला, की तो मी माझाच म्हणून कमिटीत मांडला. भोकांसाठी कुंभाराकडून संक्रांतीची उरलेली सुगडी आणली. ती जमिनीत तोंडापर्यंत पुरायची, शेजारी काठी, काठीला कडुनिंब. विलायतेत याहून सुबक काय करत असतील?

यानंतर 'खुली' या शब्दावर कमिटीची बैठक झाली, तिच्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. रावसाहेब म्हणाले, "खुली म्हणजे अर्थात खुलीच, परंतु…" आणि मग प्रत्येकाने आपापला 'परंतु' काढला. एक वकील म्हणाले, खेळणारा साक्षर पाहिजे. दुसरे म्हणाले, वाचनगृहाचा सभासद पाहिजे. क्षेमकल्याणी म्हणाले, सभासदही तीन वर्षांचा जुना पाहिजे. असे सगळे परंतु लागल्यावर खेळायला उरलो आम्ही कमिटीवाले, आणि आमच्यापैकी कुणीही गॉल्फची काठी हातात धरलेली नव्हती.

"मग आपल्याला शिकवणार कोण?" मी विचारलं.

सगळे परंतु एकेक करून परत घेतले गेले. स्पर्धा खुली राहिली ती आमच्या मोठ्या मनामुळे नव्हे, आमच्या अडाणीपणामुळे.

बक्षिसाचंही तसंच झालं. मी म्हणालो, मूळ परंपरेप्रमाणे लाल कातड्याचा पट्टा. रावसाहेब म्हणाले, बक्षीस द्यायचं अक्षय्य तृतीयेच्या सभेत, मी सोवळ्यातून उठून येणार, आणि कातडं हातात धरू? तेव्हा सबंध पट्टा रुप्याचा करायचं ठरलं. सराफ बाजारातल्या कारागिराकडे रुप्याच्या पट्ट्याचा एकच साचा होता, नवरीच्या कमरपट्ट्याचा. त्याने तोच काढला. दोन्ही बाजूंना मोर, मधे कुयऱ्या, खाली बारीक घुंगरं. मी डोक्याला हात लावला, पण वेळ उरला नव्हता.

स्पर्धेचा दिवस उजाडला तो मोठा प्रसन्न. माळाच्या पलीकडे गंगा चमकत होती आणि माणसांची जत्रा लोटली होती. चणेवाले आले, भिंगरीवाले आले. हवालदार जमील बाकावर काठ्या मांडून बसले होते. खेळाडू सहा: रावसाहेब, दोघे वकील, क्षेमकल्याणी, इनायत आणि देवराम. रावसाहेबांनी दुसऱ्याची काठी घ्यायला नकार दिला आणि स्वतःची चांदीच्या मुठीची फिरायची काठी उलटी धरली. पहिले चार फटके त्यांनी वाऱ्याला मारले. जे चेंडूला लागले नाहीत ते मोजायचे नाहीत, असा नियम त्यांनी तिथेच केला. पाचवा लागला आणि चेंडू मागे गेला.

देवराम पुढे आला, त्याने पायाखालची माती चाचपली आणि काठी फिरवली. चेंडू असा गेला, की लोक आधी आकाशात बघत राहिले आणि मग ओरडले. मीही ओरडलो. सेक्रेटरीने निःपक्षपाती राहायचं असतं हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण पहिल्या भोकापाशी आम्ही पोचलो तर तिथे बायकांची रांग. काठीला हळदीकुंकू लागलेलं, कडुनिंबाला हिरव्या बांगड्या अडकवलेल्या, आणि पुरलेल्या सुगडात तोंडापर्यंत दहीभात.

शेजारच्या वस्तीतली नवसाबाई म्हणून एक थोराड बाई रांगेच्या पुढे होती. गावात उन्हाळ्याचा वाखा, म्हणजे पटकी, सुरू झाल्याची कुजबूज होती. अशात पहाटे गंगेवर निघालेल्या बायकांना माळावर जमिनीत पुरलेलं सुगड आणि त्यावर कडुनिंब दिसला. त्यांनी काय समजावं? कुणी जाणत्याने गावाच्या वेशीवर नऊ ठिकाणी मरीआई बसवली! मरीआईला दहीभात लागतो, तो त्यांनी आणला.

"बाई, हे गॉल्फचं भोक आहे," मी म्हणालो.

"आसंल," नवसाबाई म्हणाली. "तुमच्यात काय म्हंत्यात ते म्हना. पर आईला चेंडू मारू देनार न्हाई."

"अहो, मारत नाही, आत ढकलतो!"

"आईच्या तोंडात चेंडू ढकलतोस?" तिने पदर खोचला. तिच्या मागच्या साऱ्याजणींनीही खोचला. हवालदार जमील बाकावरून उठले आणि लगेच परत बसले. देवीधर्माच्या भानगडीत त्यांच्या खात्याला पडता येत नव्हतं.

चारी बाजूंनी गर्दी, दोन दिवसांवर निवडणूक, आणि क्षेमकल्याणी छत्रीच्या सावलीत उभे राहून मिशीत हसताहेत. तेवढ्यात इनायतने काठी खाली ठेवली आणि नवसाबाईपुढे हात जोडले. "मौसी, चेंडू आईच्या पायाशी नेऊन ठेवायचा, एवढाच आमचा खेळ आहे. ज्याच्या चेंडूला वाटेत कमी मार बसला, त्याच्यावर आई खूश."

नवसाबाईने विचार केला. "मंग शिस्तीत ठिवा. आन् जो ठिवील त्यानं नमस्कार करायचा."

असा नियम झाला. तिथून पुढे चेंडू सुगडाच्या काठाला टेकला की भोक पार झालं, असं धरलं, आणि प्रत्येक खेळाडूने काठी काखेत धरून कडुनिंबाला नमस्कार केला. रावसाहेबांचा एक चेंडू चुकून थेट दहीभातात पडला. नवसाबाईने तो बाहेर काढून, पदराने पुसून, प्रसादासारखा त्यांच्या ओंजळीत ठेवला, आणि रावसाहेबांनी तो डोळ्यांना लावला. पाचव्या भोकापाशी बायकांची आरती चालू होती म्हणून सारी स्पर्धा हात जोडून थांबली. सातव्याला एका वकिलाने गंगेत चेंडू घालवला आणि खेळ सोडून शेजारी चणे घेतले. अशी स्पर्धा विलायतेतल्या कुठल्याही कमिटीने पाहिली नसेल.

देवराम जिंकला. त्याबद्दल वाद घालायला जागाच नव्हती. इनायत दुसरा आला आणि त्यानेच देवरामला आधी खांद्यावर घेतलं. रावसाहेब हरले, पण इतकी माणसं जमली या आनंदात त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "गायधनी, मानलं तुम्हाला! परवा सभेत पुन्हा तुम्हीच सेक्रेटरी, माझा शब्द." क्षेमकल्याणींचं हसू मिशीतल्या मिशीत विरलं. घरी जाऊन मी मंडळींना सांगितलं, तर तिने न सांगता सांजा केला. मी दोनदा मागून घेतला.

अक्षय्य तृतीयेला वाचनगृहात जाजम अंथरलं होतं, चिवड्याच्या बशा भरल्या होत्या. आधी बक्षीस, मग निवडणूक, मग चहा, असा बेत. पट्टा माझ्या हातात होता आणि त्याची घुंगरं उगाच वाजत होती. रावसाहेबांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली घेतला.

"तो देवराम आला आहे बाहेर. त्याला पायरीवरच पट्टा देऊन या, आणि लगेच आत या. तुमचंच नाव घ्यायचं आहे."

"पायरीवर?"

"मग काय आत आणता? नियम नाही हो कसला, पण रीत आहे. गावात आधीच देवळात कुणाला शिरू द्यायचं यावरून सत्याग्रह चालला आहे ते बघता ना? आपल्याला त्यात पडायचं नाही."

"पण रावसाहेब, व्याख्यानात तुम्हीच 'शेम' म्हणालात."

"ते विलायतेला म्हणालो," रावसाहेब म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले. क्षेमकल्याणी चिवड्यातले शेंगदाणे वेचत माझ्याकडे बघत होते.

मी दारात गेलो. पायरीखाली गर्दी होती. देवराम पुढे उभा. अंगात इनायतचा कोट, तो दंडात तोकडा. शेजारी त्याची बायको भागीबाई, डोंगरातून चालत आलेली, डोईवरचा पदर दातात धरून. दोघांच्या वहाणा पायरीच्या कडेला नीट जोडून ठेवल्या होत्या आणि त्यांचे पाय ओले होते.

"नळावर पाय धुतलं, सायेब," देवराम म्हणाला. "आत जाजम हाय ना, त्याला डाग नको."

मला इतकी लाज वाटली, की पट्टा कुठे लपवावा हेच कळेना. मी काहीतरी पुटपुटलो: रीत, लोक, इथेच देतो, वाईट वाटून घेऊ नकोस. देवरामचा चेहरा पडला. एक क्षणभरच पडला. मग त्याने विचारलं, "त्या पट्टावाल्यास्नी किती साल भायेर ठिवलं व्हतं म्हणलात?"

"साठ वर्षं."

देवरामने मान हलवली, कोटाची मागची बाजू सावरली आणि पायरीवर मांडी घालून बसला. बायकोला म्हणाला, "बस गं भागे. येळ हाय आजून."

लोक खो खो हसले. भागीबाई खरोखरच बसली. इनायत बसला. मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं, की आता मला आत जाता येणार नाही. आतून रावसाहेबांचा आवाज आला, "सेक्रेटरी कुठे आहेत?" उठावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू! फार वाटलं. दार चार हातांवर, त्यापलीकडे 'या, सेक्रेटरी' म्हणणारी माणसं. पण माझा कोट पायरीला टेकला होता आणि मी देवरामच्या शेजारी बसलेला होतो. आत क्षेमकल्याणींनी विचारलं, की सेक्रेटरी गैरहजर असताना सभा किती वेळ खोळंबणार? त्यांचं नाव कुणीतरी सुचवलं. टाळ्या झाल्या.

"कोन जिंकलं आत?" भागीबाईने विचारलं.

"आमचे शेजारी," मी म्हणालो, आणि उठून देवरामच्या कमरेला पट्टा बांधायला गेलो. बांधतो कसला! मोर आणि घुंगरं बघून भागीबाईचा पदर दातांतून सुटला. "हे बाईमान्साचं हाय!" ती म्हणाली, आणि देवरामने तो तिथल्या तिथे तिच्या कमरेला लावला. बरोबर बसला. नवसाबाई गर्दीत होतीच, तिने दोघांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. कुणीतरी हलगी काढली, इनायतने देवरामला पुन्हा खांद्यावर घेतलं आणि सगळे रविवार कारंज्याच्या दिशेने निघाले. भागीबाई पुढे, तिची घुंगरं वाजताहेत. देवरामचे दोन्ही हात लोकांनी धरलेले, म्हणून त्याच्या काठ्यांची पिशवी कुणीतरी माझ्या खांद्याला अडकवली. ती चांगलीच जड होती.

कोपऱ्यावर हवालदार जमील आडवे आले. काठ्या दिसल्या म्हणजे त्यांना लिहून घेणं भाग होतं.

"मिरवणुकीत कोण कोण?" त्यांनी पेन्सिल जिभेला लावली. "तुमचं नाव माहीत आहे, गायधनीसाहेब. हुद्दा? सेक्रेटरीच ना?"

"नाही," मी म्हणालो. "आज नाही."

"मग काय लिहू? काहीतरी हुद्दा लागतो."

मी खांद्यावरची पिशवी सारखी केली. पुढे देवराम माणसांच्या डोक्यांवरून वळून मला शोधत होता.

"लिहा," मी म्हणालो, "देवरामच्या काठ्या उचलणारा."

हवालदारांनी ते इमानेइतबारे लिहून घेतलं आणि वाटेतून बाजूला झाले.